चौकीवरचा कर्णा

छत्तीस वर्षं माइकच्या धंद्यात काढली, पण कर्णेमामा स्वतः माइकवर कधी बोलले नाहीत. 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' एवढंच त्यांचं भाषण. तिथून पुढे दुसऱ्यांचं सुरू व्हायचं. पुढाऱ्यांची आश्वासनं, हेडमास्तरांचे उपदेश, नवऱ्यामुलाच्या मित्रांचे चावट विनोद, सगळं त्यांच्या तारांमधून गेलं, आणि ते आपले ॲम्प्लिफायरशेजारी स्टुलावर बसून बटणं फिरवत राहिले. शेकडो लग्नांना त्यांनी आवाज पुरवला, स्वतःचं तेवढं राहून गेलं. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "दुसऱ्यांचीच इतकी ऐकली की हौस फिटली."

दुकान रस्त्यावर, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची धाकटी बहीण. ती शाळेत शिपाई होती. घंटा द्यायचं काम तिच्याकडे, त्यामुळे भावाबहिणीच्या घराण्यात आवाज भारी, असं गल्ली म्हणायची. धाकटीचा नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला वाढवला मामांनीच. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही मामांची, सायकल शिकवताना गुडघे फुटले ते मामांचे. पोरगं लहानपणी किडकिडीत म्हणून त्याला टिल्लू नाव पडलं. पुढे तो सहा फूट वाढला, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला, पण नाव काही वाढलं नाही. मामांचं दोन वेळचं जेवण धाकटीकडे. ती जिन्यावरून हाक मारायची, "दादा, ताट वाढलंय, तुझे ते बोंबलणारे कर्णे बंद कर." मामा तिचं एवढं एकच फर्मान ऐकत.

मामांची एक खोड होती. कोणताही कर्णा दुरुस्त केला की तो तपासायला ते एकच गाणं लावत. जुनं, त्यांच्या तरुणपणीचं. त्यात खर्जातला ढोल होता, वर तारेसारखी चढत जाणारी बासरी होती, आणि मध्ये गाणारीचा साधा, भरदार आवाज. "या एका गाण्यात कर्ण्याची सगळी नाडी कळते," असं ते सांगत. ते गाणं त्यांनी कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. कॅसेट त्याआधी एकदा यंत्रात अडकून तुटली होती आणि मामांनी ती चिकटपट्टीने जोडली होती. त्यामुळे दुसऱ्या कडव्यात एक अख्खा शब्द गिळला जायचा आणि गाणं ठेच लागल्यासारखं पुढे जायचं. मामांना त्या ठेचेची इतकी सवय झाली होती की कुठे मूळ गाणं लागलं तर तो सापडलेला शब्दच त्यांना चुकीचा वाटे.

चौकातल्या पोलीस चौकीत एक हवालदार होते. वयाने मामांच्याच बरोबरीचे, बोलके, दुपारी ऊन टाळायला दुकानात येऊन बसायचे. सूचना द्यायला म्हणून चौकीने मामांकडून एक कर्णा नेला होता, दोन दिवसांसाठी. त्याला दोन वर्षं झाली. पोलिसाकडे वस्तू परत मागायची म्हणजे दगडाखालचा हात आपणच खाली दाबायचा, म्हणून मामाही कधी बोलले नाहीत.

एका दुपारी हवालदार वैतागून आले. "धंदा करायची सोय राहिली नाही मामा. कोणाला हात लावला की चार बाजूंनी चार मोबाइल वर. संध्याकाळपर्यंत आम्ही जगभर बदनाम."

मामांचीही त्या दिवशी तीच रड होती, फक्त उलटी. एका कार्यक्रमात त्यांच्या कर्ण्यांवर पोरं नाचली होती. जाहिरात होईल म्हणून त्यांनी तो व्हिडिओ मोबाइलवरून सगळ्यांसाठी टाकला, तर तासाभरात उडाला. गाणं कोणा कंपनीच्या मालकीचं, परवानगी नाही, म्हणून. कोणी माणूस बघतसुद्धा नाही, यंत्रच ऐकतं आणि यंत्रच उडवतं, हे मामांनी हवालदारांना समजावून सांगितलं. आणि मग हसत हसत म्हणाले, "तुम्ही पण गाणं लावा की साहेब! कर्णा आहेच चौकीवर. कोणी मोबाइल काढला की द्या लावून. व्हिडिओ आपोआप साफ."

दोघंही पोट धरधरून हसले. उठताना हवालदारांनी टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलला. "यात आहे ना गाणं?" मामा म्हणाले, "आहे की. घेऊन जा, माझ्याकडे दुसरा आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! त्या दुपारी मामांना वाटलं, आपण एक झकास विनोद केला. विनोदच होता तो. पण ऐकणारा कोण आहे हे बघून माणसाने विनोद करावा.

पाच महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, चौकीच्या मागच्या इमारतीत लिफ्ट अडकली. आत चार माणसं होती, त्यात एक बाळंतपणाला आलेली बाई. टिल्लू स्कूटर रस्त्यातच टाकून, हातात पाना घेऊन आत पळत निघाला. हवालदारांच्या जोडीला नवा आलेला एक शिपाई होता, त्याने स्कूटर हटवायला सांगितलं. टिल्लू म्हणाला, आल्यावर हटवतो. शिपायाने कॉलर धरली. टिल्लूने ती सोडवली. पोलिसाचा हात झटकला, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला ओढत चौकीच्या ओट्यावर नेलं, आणि समोरच्या इस्त्रीवालीने मोबाइल काढलेला पाहताच हवालदारांनी आत जाऊन गाणं लावलं.

चार मिनिटं अकरा सेकंद. तेवढा वेळ इस्त्रीवालीने मोबाइल खाली घेतला नाही. टिल्लू ओट्याच्या पायऱ्यांवरून डोक्यावर पडला, किंवा पाडला गेला, ते शेवटच्या काही सेकंदांत आहे. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्याच्या कंपनीतल्या दुसऱ्या माणसाने लिफ्ट तासाभराने उघडली होती. बाई सुखरूप होती.

इस्त्रीवालीने व्हिडिओ टाकला. पन्नास मिनिटांत उडाला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. तिसऱ्या वेळी तिचं खातंच बंद झालं. एका वाहिनीने दाखवला, पण गाण्याच्या मालकांची नोटीस नको म्हणून आवाज काढून दाखवला. आणि आवाज काढला की त्यात दिसतं काय? सहा फुटी माणूस, हातात पाना, तोंड वासून ओरडतोय. पोलिसांनी तेच उचललं. पाना घेऊन अंगावर आला, जिवे मारीन म्हणत होता, झटापटीत तोल जाऊन पडला. तपास अधिकाऱ्याने मूळ व्हिडिओही ऐकला आणि लिहिलं, 'गाण्याच्या आवाजामुळे संभाषण समजत नाही.' प्रकरण बंद. मेलेल्या माणसावर हल्ल्याचा शिक्का तेवढा राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि इथे संन्यासी आधीच गेलेला.

मामांनी व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तो धाकटीच्या मोबाइलवर, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून. आधी त्यांना फक्त टिल्लू दिसत होता. मग गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं. ठेच लागली, शब्द गिळला गेला. मामांनी व्हिडिओ थांबवला. साऱ्या जगात ते गाणं तसं एकाच ठिकाणी होतं.

"काय झालं दादा?" धाकटीने विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले.

त्या 'काही नाही'वर त्यांनी पुढे सात महिने काढले.

धाकटीला एकच ध्यास लागला होता. पोराला न्याय मिळेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, पण तो कोणाला मारायला गेला नव्हता हे तिला लोकांच्या कानी घालायचं होतं. शाळेतल्या पोरांच्या आयासुद्धा आता तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघत. ती एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, "तू आवाजातला माणूस आहेस. त्यातलं गाणं काढ आणि माझं पोरगं काय बोलतंय ते मला ऐकव."

मामांना ते जमण्यासारखं होतं, हीच तर खरी पंचाईत होती. गाण्याची हुबेहूब तीच प्रत हाताशी असेल तर संगणकावर ती उलटी करून मूळ आवाजावर ठेवता येते. मग गाणं गाण्याला खातं आणि मागचं वर येतं. पण प्रत हुबेहूब हवी. बाजारातल्या प्रतीत ठेच नाही, ती बसलीच नसती. ती प्रत मामांच्या टेबलाच्या खणात होती.

दुकानाचं शटर अर्धं ओढून भरदुपारी ते अकरा दिवस बसले. गाणं पूर्ण गेलं नाही, पण भिंतीपलीकडे गेल्यासारखं मागे सरलं. आणि पुढे टिल्लू आला. "साहेब, लिफ्टमध्ये माणसं अडकलीत हो. एक बाई पोटुशी आहे. मला जाऊ द्या, दहा मिनिटांत परत येतो, मग काय मारायचं ते मारा." पुन्हा पुन्हा तेच. माणसं अडकलीत. माणसं अडकलीत. मामांनी कानावरचे हेडफोन काढले आणि ते लहान मुलासारखे हमसून रडले. मग डोळे पुसून शेवटचं एक मिनिट साफ केलं. ते ऐकल्यावर मात्र त्यांना रडताही येईना.

धाकटीला त्यांनी तीनच मिनिटं ऐकवली. "पुढचं साफ होत नाही," म्हणाले.

तिने ते मोबाइल कानाशी धरून दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "दादा, तू होतास म्हणून." मामांना ते शब्द कानफटात बसल्यासारखे लागले.

तोवर गावात या विषयावर रान पेटलं होतं. सरकार कायदा बदलणार होतं. गाण्याच्या मालकाने तक्रार केली की तासाभरात व्हिडिओ काढलाच पाहिजे, असं नव्या मसुद्यात होतं. आणि लोक म्हणत होते, मग काय, पोलिसांनी मारताना गाणी लावावीत! ओरड वाढली तेव्हा एका निवृत्त न्यायाधीशबाईंची समिती नेमली गेली. कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि अशी बंद झालेली प्रकरणं पुन्हा उघडायची का तेही सांगायचं, अशी दोन्ही कामं तिच्याकडे आली. जाहीर सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात ठरली. माइक अर्थातच मामांचे.

सभागृह खचाखच भरलं होतं. मामा नेहमीसारखे कोपऱ्यात स्टुलावर. धाकटी तिसऱ्या रांगेत, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत टिल्लूचे कागद.

पहिल्यांदा एक म्हातारे बासरीवाले बोलले. "माझी बासरी लोक चाळीस वर्षं फुकट वाजवतायत. कायदा आला म्हणून आता म्हातारपणी चार पैसे दिसतात. जो तो चोरतो आणि वर म्हणतो, समाजासाठी केलं. तुम्ही एक फट ठेवाल आणि त्यातून हत्ती जाईल." लोकांनी हुर्यो केली, पण त्यांचंही खोटं नव्हतं. बाईंनी सभा शांत केली. मग पोलिसांच्या संघटनेचा माणूस उठला आणि म्हणाला, "गाणं ऐकणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे? चौकीत विरंगुळ्याला गाणं चालू असतं. योगायोग आहे."

मग इस्त्रीवाली. माइकशी तोंड नेताना ती दचकत होती. "त्यांचा एक फॉर्म असतो," ती म्हणाली. "विचारतात, गाणं तुमचं आहे का? मी म्हटलं, गाणं माझं नाही बाबा, पण मार खाणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढचा आहे. त्याला कुठल्या रकान्यात लिहू? तसा रकानाच नव्हता."

धाकटीची पाळी आली. तिने साफ केलेला आवाज समितीकडे आधीच दिला होता. समितीबरोबर एक तरुण तज्ज्ञ होता, चष्मा लावलेला, सभ्य. तो म्हणाला, "बाई, गैरसमज नको. पण मी बाजारातलं गाणं घेऊन हाच प्रयोग केला, जमला नाही. मग यांना कसा जमला? यात शब्द मागाहून घातलेले नाहीत हे आम्ही कशावरून मानायचं? आणि हे तीनच मिनिटं का आहे?"

"माझ्या भावाने केलंय," धाकटी म्हणाली. मान ताठ करून तिने कोपऱ्याकडे बोट केलं. "ते बघा, तिथे बसलेत. छत्तीस वर्षं आवाजाचं काम करतात. विचारा त्यांना."

अख्खं सभागृह मामांकडे वळलं.

सकाळी निघताना कॅसेट आणि दुसरा पेनड्राइव्ह खिशात टाकले होते, तरी मामांनी उत्तर तयार ठेवलं होतं. अनुभवाने जमलं, म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ते म्हटलं की तज्ज्ञ मान हलवणार आणि टिल्लूचे शब्द खोटे ठरणार, कायमचे. दारापाशी हवालदार उभे होते, साध्या कपड्यांत. त्यांची आणि मामांची नजरानजर झाली. हवालदारांनी अगदी किंचित मान हलवली, जुन्या दोस्ताला करावी तशी खूण. गप्प बसलास तर दोघंही सुटू, असं ते सांगत होते. आणि ते खरंच होतं, याचीच मामांना शिसारी आली.

ते उठले. माइक हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, "हॅलो. एक, दोन, तीन."

मागे कोणीतरी हसलं.

"ही प्रत माझी आहे," मामा म्हणाले. "दुसऱ्या कडव्यात ठेच आहे, ती माझ्या चिकटपट्टीची. म्हणून बाजारातली बसत नाही. मूळ कॅसेट आणलीये, तपासा. चौकीवरचा कर्णा माझा, पेनड्राइव्हही माझाच. आणि गाणं लावलं की व्हिडिओ उडतो, हे हवालदारांना मीच सांगितलं. मस्करीत सांगितलं. मस्करीची कुस्करी झाली. शेवटचं मिनिट साफ होत नाही असं मी बहिणीला सांगितलं, ते खोटं होतं."

त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढून यंत्राला लावला आणि बटण फिरवलं. त्यांच्या चारही कर्ण्यांतून टिल्लूचा आवाज आला, धापा टाकणारा.

"मामांना फोन लावा साहेब. कर्णेमामा. तुमच्या ओळखीचे आहेत, ते सांगतील मी कोण ते."

आणि मग हवालदारांचा, हसरा. "तुझ्या मामाचंच गाणं लावलंय रे. त्यानेच शिकवलंय आम्हाला. आता कोण बघणार तुझा व्हिडिओ?"

पुढे पायऱ्यांवरचा धप्प आवाज. त्यावर गाणं चालूच.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या लेखनिकाला म्हणाल्या, "शब्दन्‌शब्द लिहून घ्या. हे प्रकरण पुन्हा उघडावं अशी शिफारस आजच जाईल." दारापाशी पाहिलं तर हवालदार तिथे नव्हते, पण बाहेर त्यांना कोणीतरी थांबवून ठेवल्याचा गलका ऐकू येत होता. टिल्लूवरचा शिक्का पुसला जाणार होता. धाकटीला हवं होतं ते झालं होतं.

ती उठली. रांगेतल्या लोकांनी पाय आखडून तिला वाट दिली. ती सरळ मामांपाशी आली. सगळ्यांना वाटलं, आता आई बोलणार, आणि वाहिनीवाल्याने कॅमेरा वळवला. तिने मामांच्या हातातून माइक घेतला. लहानपणापासून तिने असे माइक हाताळले होते, बटण कुठे असतं हे तिला न बघता ठाऊक होतं. तिने तो बंद केला.

"सात महिने मी तुला ताट वाढलं दादा," ती हळू म्हणाली. "रोज समोर बसून वाढलं. एकदा सांगायचंस. मी काय सभा होते का रे, मला माइकवरून सांगायला?"

तिने माइक ॲम्प्लिफायरवर ठेवला, पिशवी काखेत धरली आणि ती मधल्या वाटेने बाहेर गेली.

सुनावणी पुढे चालू राहिली. पुढच्या माणसाला बोलायचं होतं. तो माइक हातात घेऊन "आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये," म्हणत राहिला, आणि कोपऱ्यातून उठून ते एक बटण चालू करायला मामांना बराच वेळ लागला.